वर्षभराचं सरपण कसं करायचं: चेनला धार, लाकडाला वेळ

चेनसॉ, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या दातेरी साखळीची करवत, कुठला घेऊ हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात, खरं तर तो शेवटी विचारायचा. घर लाकडावर चालत असेल, चूल असो, शेगडी असो नाहीतर पाणी तापवायची भट्टी असो, दोनच गोष्टी बघायच्या. चेनला धार आहे का, आणि लाकूड आतपर्यंत वाळलंय का. सीसी किती, बार म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी किती इंची, कंपनी कुठली हे सगळं नंतर. बोथट चेन लावलेलं मोठं मशीन नुसतं धूर काढत बसतं आणि माणसाला दमवतं, तेच ४०-४५ सीसीचं साधं मशीन धार असेल तर घरापुरतं सगळं सरपण आरामात पाडून देतं. म्हणून इथे मशीन निवडण्याबद्दल फार लिहीत नाही, जे आहे त्यानं काम नीट कसं करायचं ते लिहितो.

आधी कागदाचं बघा

झाड तोडायच्या आधी परवानगी लागते का ते विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी स्वतःच्या जमिनीतल्या झाडालाही लागते आणि कुठली झाडं चालतात कुठली नाही याचे नियम वेगवेगळे असतात. यात माझी सरकारवर खरी तक्रार आहे. उभं, हिरवं, जिवंत झाड वाचवायला नियम हवेतच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण वादळात आडवं झालेलं झाड आणि उभं झाड यांना एकच फॉर्म, एकच रांग आणि एकच साहेब कशाला? पडलेलं झाड थांबत नाही हो. जमिनीला टेकलेला बुंधा पहिल्याच पावसात बुरशी धरायला लागतो, वाळवी लागते, आणि कागद हातात येईपर्यंत जे सरपण झालं असतं त्याचा भुगा झालेला असतो. कुंपणावर पडलेल्या झाडासाठी मीसुद्धा अशा चकरा मारल्यात आणि प्रत्येक वेळी एक नवीन कागद कमी निघतो. लाकूड नियमानं घेणारा माणूसच यात भरडला जातो, चोरून तोडणारा कुठे अर्ज करतो!

तरी कागद करा, त्याला पर्याय नाही. झाड पडल्या दिवशीच चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, मुळं उपटलेली दिसतील असा एक तरी फोटो पाहिजे, म्हणजे तोडलं का पडलं हा वादच राहत नाही. अर्ज लेखी द्या आणि पोचेवर तारखेचा शिक्का घ्या. झाड विजेच्या तारेवर किंवा तारेजवळ पडलं असेल तर मात्र हात लावायचा नाही, वीजवाल्यांना कळवायचं आणि लांब उभं राहायचं.

अंगावर काय घालायचं

हेल्मेट, जाळीचा व्हायझर, कानाला इअरमफ, पक्के बूट आणि चेनसॉची खास पँट किंवा मांडीवर बांधायचे चॅप्स. चॅप्स म्हणजे जाड कापड एवढंच नव्हे, त्यात लांब लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की ते धागे बाहेर ओढले जाऊन चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, स्प्रॉकेटमध्ये, गुंततात आणि चेन जागच्या जागी थांबते. चेन साधारण सेकंदाला २० मीटरनं पळत असते, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या वर, तुमचा हात तेवढ्यात मागे येणार नाही. आणि कान. चेनसॉचा आवाज ११० डेसिबलच्या आसपास जातो, ८५ च्या वर तासन् तास काम केलं तरी कान जायला लागतात आणि गेलेला कान परत येत नाही. ज्यांनी उभं आयुष्य मशीनवर काढलं त्यांच्याशी बोलून बघा, दर वाक्य दोनदा सांगावं लागतं.

एकट्यानं काम करायचं नाही हा नियम मी सगळ्यात वर ठेवतो. हाकेच्या अंतरावर कुणीतरी पाहिजे, आणि रक्त थांबवायची पट्टी खिशात पाहिजे, गाडीत नाही.

पेट्रोल आणि ऑइल

टू-स्ट्रोक मशीन आहे, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावंच लागतं. आजच्या बहुतेक मशीनला ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. काही जुन्या किंवा स्वस्त मशीनला २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली. मशीनच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच करायचं, अंदाजे झाकण ओतू नका, मापाची बाटली घ्या. महिनाभरात संपेल एवढंच मिश्रण करायचं.

आता इथेही सरकार येतंच. बऱ्याच देशांनी पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणं सक्तीचं केलंय, कुठे १० टक्के, भारतात २०, ब्राझीलमध्ये त्याहून जास्त. गाड्यांचं काय ते गाडीवाले बघतील, पण ही छोटी इंजिनं साधारण १० टक्क्यांपर्यंतच्या हिशोबानं बनवलेली असतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, टाकीत पेट्रोल ठेवून मशीन पडून राहिलं की पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, कार्ब्युरेटरचा पडदा कडक होतो, नळ्या फुगतात नाहीतर चिरतात. आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, म्हणजे खाली बसलेलं ओढलं गेलं की इंजिन विनाऑइल फिरतं. धोरण ठरवताना पंपावर छोट्या इंजिनांसाठी एक साधं पेट्रोल ठेवा एवढी मागणी कुणी ऐकून घेत नाही, फवारणी पंप, ब्रश कटर, चेनसॉ यांवर जगणारी माणसं त्यांच्या हिशोबात नाहीतच. मग आपण काय करायचं, तर काम संपलं की टाकी रिकामी करायची, मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, मगच ठेवायचं. आणि बिनइथेनॉलचं पेट्रोल कुठे मिळत असेल तर चेनसॉसाठी तेच.

बारचं ऑइल वेगळं असतं, चिकट, चेनला धरून राहणारं. पेट्रोल भरलं की प्रत्येक वेळी हेही भरायचं. गाडीचं काढलेलं काळं ऑइल वापरू नका, त्यात धातूचा कीस असतो जो बार खातो, शिवाय ते कॅन्सरला कारण ठरणारं असतं आणि चेन ते तुमच्या तोंडावर आणि मातीत उडवत असते. ऑइल येतंय का हे बघायला बारचं टोक एखाद्या फिक्या रंगाच्या ओंडक्यावर थोडं वर धरून मशीन रेस करा, तेलाची रेघ उमटली पाहिजे.

धार, हा सगळ्यात मोठा भाग

धार गेली हे भुशावरून कळतं. धारदार चेन जाडसर, चौकोनी कपच्या टाकते, बोथट चेन पिठासारखा भुसा टाकते. मशीन दाबावं लागलं, कापातून धूर आला, काप एका बाजूला वळायला लागला, की थांबायचं आणि कानस काढायची. दगडाला किंवा मातीला एकदा जरी चेन लागली तरी लगेच थांबायचं, पुढचा ओंडका तेवढा करू असं म्हणू नका.

चेनचा दात आधी नीट बघा. प्रत्येक दाताला वरची पात असते, बाजूची कड असते, आणि त्याच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो ज्याला डेप्थ गेज म्हणतात. कापतो तो दात, पण किती खोल कापायचं हे तो उंचवटा ठरवतो. हा वळलेला दात आला अमेरिकेतल्या ओरेगॉनमधून, तिथे जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या अळीचे जबडे बघितले, ती अळी डावीकडे उजवीकडे असं आलटून पालटून लाकूड कुरतडत जाते, त्यावरून त्यानं चेन बनवली आणि १९४७ पासून विकायला लागला. आजही आपल्या हातातल्या चेनला एक दात डावा एक उजवा असतो तो त्यामुळेच.

गोल कानस कुठल्या मापाची हे चेनच्या पिचवर, म्हणजे कड्यांच्या इंचातल्या मापावर आहे. छोट्या मशीनवरच्या ३/८ लो प्रोफाइल चेनला ४ मिमी, ०.३२५ ला ४.८ मिमी, मोठ्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५ मिमी. चुकीच्या मापाची कानस म्हणजे मेहनत करून चेन बिघडवणं. पिच बारवर कोरलेला असतो नाहीतर चेनच्या खोक्यावर असतो.

बार व्हाइसमध्ये पकडा, व्हाइस नसेल तर एका ओंडक्यात करवतीनं खाच पाडून त्यात बार ठोकून बसवा, चालतं. चेन हलू नये एवढी ताणून घ्या. आता सगळ्यात लहान झालेला दात शोधा आणि त्यावर मार्करनं खूण करा, तो आपला पहिला दात, बाकी सगळे त्याच्या लांबीला आणायचेत. कानस दाताच्या आतल्या बाजूनं बाहेरच्या बाजूला ढकलायची, परत आणताना उचलून आणायची, घासत आणायची नाही. बऱ्याच चेनच्या दातावर वरच्या पातीत एक तिरकी रेघ असते, बहुतेक ३० अंशाची, काहींना २५, कानस त्या रेघेला समांतर ठेवायची. आणि कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या वरच्या कडेपेक्षा वर राहिला पाहिजे, ती खाली दबली तर दात आकड्यासारखा होतो आणि लवकर मोडतो, वर राहिली तर दाताला धारच येत नाही. जोर फार नको. कानस कापतेय हे हाताला कळतं, आधी खरखर लागते आणि मग एका फटक्याला एकदम गुळगुळीत जाते, तिथे थांबायचं.

धार आली का हे बघायला उजेडाकडे तोंड करा. बोथट कड उजेडात चमकते, पांढरी बारीक रेघ दिसते. धारदार कड चमकतच नाही कारण उजेड परतवायला तिथे सपाट जागाच उरलेली नसते. प्रत्येक दाताला सारखेच फटके द्या, एक सोडून एक असे एका बाजूचे सगळे दात संपवा, मग दुसऱ्या बाजूला जाऊन उरलेले. इथे एक लक्षात ठेवा, उजव्या हाताच्या माणसाची एक बाजू नेहमी चांगली होते आणि दुसरी कच्ची, काप वळतो तो यामुळेच. कच्च्या बाजूला एखादा फटका जास्त द्या आणि लांबी मापून बघा.

तीन-चार वेळा धार लावली की डेप्थ गेज बघायचा. दात घासून घासून खाली आलेला असतो पण तो उंचवटा तसाच असतो, मग दात लाकडापर्यंत पोचतच नाही, धार असून चेन कापत नाही आणि लोक म्हणतात चेन खराब निघाली. गेजची छोटी पट्टी मिळते, ती चेनवर ठेवली की उंचवट्याचा जास्तीचा भाग वर दिसतो, तो चपट्या कानशीनं काढायचा. बहुतेक चेनला दात आणि उंचवटा यात ०.६५ मिमीचा फरक हवा. उंचवटा याच्याहून खाली अजिबात नेऊ नका, जास्त काढलं तर चेन लाकडात झेप घेते, मशीन धक्के देतं आणि किकबॅकचा, म्हणजे बार उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो.

घोडी बनवा, एका दिवसाचं काम आहे

जमिनीवर ठेवून कापणं म्हणजे चेन मातीत जाणं, आणि कंबर वाकवून वाकवून पाठ जाणं. सुताराच्या घोडीसारखी एक X आकाराची घोडी करा, मिटणारी. ४ बाय २ इंची लाकूड घ्या, त्यातून ११० सेमीचे चार पाय. प्रत्येक पायावर खालून ७५ सेमीला खूण करा आणि १२ मिमीचं भोक पाडा. दोन पायांची एक चौकट करायची, बाहेरून बाहेर ५० सेमी रुंद. उरलेल्या दोन पायांची दुसरी चौकट अशी की पहिली तिच्यामध्ये बसेल आणि दोन्ही बाजूंना एकेक वॉशर मावेल. आडव्या पट्ट्या पायांच्या बाहेरच्या तोंडावर मारा, भोकाच्या बऱ्याच खाली, म्हणजे मिटताना एकमेकीला आड येणार नाहीत. प्रत्येक चौकटीला एक तिरकी पट्टी द्या, तिरकी पट्टी नसली की घोडी दोन दिवसांत डुलायला लागते.

भोकांतून बोल्ट, वॉशर, लॉक नट. आता घोडी उघडा आणि खालच्या पायांमधलं अंतर बरोबर ७५ सेमी होईल तिथे दोन चौकटींना साखळी किंवा जाड दोरी बांधा. पाय भोकापर्यंत ७५ आणि खालचं अंतरही ७५ म्हणजे समभुज त्रिकोण झाला, कोन आपोआप ६० अंश, गुण्या किंवा प्रोट्रॅक्टर काही लागत नाही. मधला जोड जमिनीपासून ६५ सेमीवर येतो, ओंडका त्याच्याही वर बसतो, म्हणजे उभ्या माणसाला बरोबर. पायांचे तळ ३० अंशात तिरके कापून घ्या म्हणजे पूर्ण टेकतील. वरच्या भागात कुठेही खिळा किंवा स्क्रू ठेवायचा नाही, चेन कधी तिथे जाईल सांगता येत नाही.

एका पट्टीवर तुमच्या चुलीच्या मापाची खूण करून ठेवा, ३० ते ३३ सेमी बहुतेक ठिकाणी चालतं. ओंडका नेहमी घोडीच्या बाहेर आलेल्या बाजूला कापायचा, दोन पायांच्या मध्ये नाही. बाहेरचा तुकडा खाली झुकतो, काप उघडतो, बार अडकत नाही. शेवटचा आखूड तुकडा पायानं दाबून धरू नका, ट्रकवाले वापरतात तसला रॅचेट पट्टा लावून आवळा.

कापताना

मशीन जमिनीवर ठेवून, उजवा बूट मागच्या मुठीत घालून, चेन ब्रेक लावूनच सुरू करायचं. हवेत धरून झटका मारून सुरू करणारे खूप दिसतात, ते बघून शिकू नका. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीच्या खालून पूर्ण गुंडाळलेला पाहिजे. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशालाही लागू द्यायचा नाही, तो लागला की बार डोळे मिटायच्या आत वर आणि मागे येतो, हाच किकबॅक. म्हणून डोकं बारच्या सरळ रेषेत कधीच नको, किंचित डावीकडे उभं राहा. आणि खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही, फांदी उंच असेल तर हातकरवत.

पडलेल्या झाडात ताण कुठे आहे हे वाचता आलं पाहिजे. ओंडका दोन्ही टोकांना टेकलाय आणि मधे अधांतरी आहे, तर वरची बाजू दाबली जातेय, वरून एक तृतीयांश कापा आणि उरलेलं खालून वर. एकच टोक टेकलंय आणि दुसरं हवेत, तर उलट, आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. बार अडकला तर मशीन बंद करा आणि प्लास्टिकची किंवा लाकडी पाचर ठोका, लोखंडी पाचर चेनजवळ नको. धनुष्यासारखी वाकून दबलेली बारीक फांदी सगळ्यात धोक्याची, ती सुटली की तोंडावरच येते, तिला आतल्या बाजूनं थोडं थोडं खरवडत सोडवायचं.

उभं झाड पाडणं हे वेगळं शिक्षण आहे आणि ते कुणा जाणत्याच्या शेजारी उभं राहूनच शिकायचं, वाचून नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की झाड दिशेनं पडतं ते मधे सोडलेल्या बिजागरीमुळे. पुढची खाच खोडाच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या भागाएवढी, मागचा काप, आणि दोघांमध्ये जाडीच्या साधारण दहाव्या भागाची न कापलेली पट्टी, ती पूर्ण कापली की झाड कुठेही जाईल. मागे तिरकं ४५ अंशात पळायची वाट आधीच साफ करून ठेवायची, आणि बाकी माणसं झाडाच्या दुप्पट उंचीएवढी लांब. पोकळ, एका बाजूला झुकलेलं किंवा दुसऱ्या झाडात अडकलेलं असेल तर नाही म्हणायचं आणि रोज हेच करणारा माणूस बोलवायचा.

फोडणं

ओलं असतानाच फोडा. वाळलं की बरीचशी झाडं लोखंडासारखी होतात, आणि न फोडलेला ओंडका सालीच्या आत वर्षानुवर्षं ओला राहतो. साडेतीन किलोच्या आसपासचा जड फोडणीचा घण-कुऱ्हाड घ्या, पातळ पात्याची तोडायची कुऱ्हाड लाकडात रुतून बसते. खाली गुडघ्यापेक्षा कमी उंचीचा ठोकळा. वर जुना टायर बोल्टनं बसवा, ओंडका टायरच्या आत उभा करा, मग फोडलेले तुकडे इकडे तिकडे उडत नाहीत आणि दर वेळी वाकून उचलावे लागत नाहीत, टायरला खालून भोकं पाडा नाहीतर पाणी साचून डास होतील. ओंडक्याच्या तोंडावर आधीच चिरा पडलेल्या असतात, घाव त्या चिरेच्या रेषेत घाला. गाठीचा ओंडका मधोमध फोडायच्या भरीला पडू नका, कडेकडेनं ढलपे काढत आत या. घाव बसताना गुडघे वाकवायचे म्हणजे हुकलं तरी पातं ठोकळ्यावर किंवा जमिनीवर जातं, नडगीवर येत नाही.

लोखंडी पाचरीचं डोकं ठोकून ठोकून पसरतं, त्याच्या कडा ग्राइंडरवर काढून टाकत जा, तसला तुकडा उडाला तर डोळा जातो. दांड्याचं डोकं सैल झालं की लोक पाण्यात भिजत घालतात, ते तेवढ्यापुरतंच घट्ट होतं. नवीन पाचर मारा आणि जवसाच्या तेलात उभं करून ठेवा.

वाळवणं

१०० किलो ताजं लाकूड, निम्मं पाणी धरा, म्हणजे ५० किलो लाकूड आणि ५० किलो पाणी. ते जाळण्याजोगं वाळून २० टक्के ओलीवर यायचं तर वजन साडेबासष्ट किलो व्हायला पाहिजे, म्हणजे साडेसदतीस किलो पाणी हवेत जायला पाहिजे. एवढं पाणी चार दिवसांच्या उन्हात जात नाही.

ओल्या लाकडाची उष्णता पाणी उकळण्यात वाया जाते असं सगळे म्हणतात, ते खरं आहे पण ती त्यातली छोटी गोष्ट आहे, हिशोब केला तर दहा टक्क्यांच्या आसपास. खरं नुकसान वेगळंच. पाण्यामुळे जाळ थंड पडतो, धुरातला गॅस पूर्ण जळायला साधारण ६०० अंशांच्या पुढे जावं लागतं, तेवढा जाळ चढतच नाही, आणि जी उष्णता मिळायची ती धूर होऊन निघून जाते. तोच धूर धुराड्यात डांबरासारखा चिकटतो आणि एक दिवस पेटतो. आणि तोच धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जातो. मला यात सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते या शेवटच्या गोष्टीचं, कारण लाकूड तोडणारा आणि रचणारा बाहेर असतो आणि धूर खाणारी आत असते.

लाकडातलं पाणी टोकांकडून बाहेर पडतं, बाजूंनी त्या मानानं फारच हळू. म्हणून आखूड कापलेलं आणि फोडलेलं लवकर वाळतं. रास जमिनीपासून वीतभर उंच, खाली पॅलेट किंवा दोन बल्ल्या. एकेरी ओळ, वारा आरपार जाईल अशी, तोंड वाऱ्याकडे. टोकाला तुकडे आडवे-उभे रचून खांब करा म्हणजे ओळ ढासळत नाही. झाकायचं ते फक्त वरून. ताडपत्री चारी बाजूंनी गुंडाळून घट्ट बांधतात ते बघून जीव तुटतो, आत वाफ कोंडते आणि लाकडाला बुरशी येते. घराच्या भिंतीला चिकटवून रचू नका, वाळवी लाकडातून भिंतीत जाते. आणि काढताना वरून काढा, हातमोजे घालून, राशीत साप-विंचू असतातच.

मऊ लाकूड सहा महिने ते वर्ष, कठीण लाकूड एक ते दोन वर्षं, हवेप्रमाणे कमी जास्त. अंदाज नको असेल तर राशीतला एक तुकडा घ्या, त्यावर मार्करनं तारीख आणि वजन लिहा, परत ठेवा, महिन्यातून एकदा मोजा. वजन उतरायचं थांबलं की झालं. मॉइश्चर मीटर असेल तर तुकडा ताजा फोडून आतल्या तोंडावर टोचा, बाहेरून टोचलेला आकडा नेहमी फसवतो.

रंग लावलेलं, प्लायवुड, किंवा हिरवट औषध मारलेलं जुनं लाकूड चुलीत घालू नका, त्या औषधात बऱ्याचदा आर्सेनिक असतं. कण्हेरही नको, तिचा धूर विषारी असतो.

विकत घ्यायचं असेल तर

वजनावर घेऊ नका, मापावर घ्या, रचलेल्या राशीची लांबी, रुंदी, उंची मोजून. वजनावर घेतलं की तुम्ही पाण्याचे पैसे देता, आणि वर लाकूड जितकं ओलं तितका विकणाऱ्याचा फायदा. काटा बरोबर आहे का हे तपासायला सरकारी माणूस येतो पण त्या काट्यावर लाकूड ठेवलंय का पाणी हे बघत नाही. हे करता येत नाही असं नाही, इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून २ घनमीटरपेक्षा कमी जळाऊ लाकूड विकायचं तर त्यात २० टक्क्यांपेक्षा जास्त ओल चालत नाही, तसं प्रमाणपत्र लागतं. असा नियम मला मान्य आहे, कारण तो विकणाऱ्याला प्रश्न विचारतो, पडलेलं झाड उचलणाऱ्याला नाही.

तोवर आपणच तपासायचं. दोन तुकडे एकमेकांवर आपटा, वाळलेलं टणकन वाजतं, ओलं धप्प. टोकाला मधून बाहेर गेलेल्या चिरा दिसल्या पाहिजेत, साल हातानं सुटली पाहिजे. मग राशीच्या आतला, वरचा नव्हे आतला, एक तुकडा काढून विकणाऱ्यासमोरच फोडायला लावा आणि फोडलेली बाजू गालाला लावून बघा. गार लागली तर त्या दिवशी पैसे देऊ नका, किंवा ओल्याचा भाव ठरवून घ्या आणि पुढच्या वर्षासाठी रचून ठेवा.